पूर्ण अ‍ॅनालॉग रेकॉर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मी जुन्या-नव्या रेकॉर्ड्स विकतो आणि टर्नटेबल दुरुस्त करतो. दुकानात, व्हॉट्सअ‍ॅपवर, अगदी कालिदास कलामंदिरात मध्यंतराच्या चहालाही तेच तेच प्रश्न येतात. परदेशी रेकॉर्ड ‘पूर्ण अ‍ॅनालॉग’ म्हणून दहा-बारा हजारांना घेतली, ती खरंच तशी आहे का, हा त्यातला मुख्य. उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे क्रमांक दिलाय. या रेकॉर्ड्स मीही विकतो, म्हणजे माझा स्वार्थ यात आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

1. पूर्ण अ‍ॅनालॉग म्हणजे नेमकं काय? एएए म्हणतात ते हेच का?

गाणं टेपवर मुद्रित झालं, टेपवरच मिक्स झालं आणि त्या टेपवरून थेट कटिंग लेथच्या (खाच कोरणाऱ्या यंत्राच्या) सुईपर्यंत पोचलं, वाटेत कुठेही आवाजाचे आकडे झाले नाहीत, तर ती पूर्ण अ‍ॅनालॉग. एएए ही अक्षरं मुद्रण, मिक्सिंग आणि मास्टरिंग (छपाईआधीचा शेवटचा हात) या तीन टप्प्यांची; ए म्हणजे अ‍ॅनालॉग, डी म्हणजे डिजिटल. ही पद्धत मुळात सीडीसाठी 1984 मध्ये वापरात आली. सीडी स्वतःच डिजिटल, त्यामुळे तिच्यावर शेवटचं अक्षर कायम डी असायचं. रेकॉर्डवाल्यांनी ती अक्षरं नंतर उचलली. तेव्हा कव्हरवर एएए दिसलं म्हणजे कुणी तपासून शिक्का मारलाय असं समजू नका. तो विकणाऱ्याने दिलेला शब्द आहे, बस.

2. रेकॉर्ड म्हणजे खाच आणि सुई. मग तिच्यात डिजिटल कुठून शिरलं?

खाच अ‍ॅनालॉगच असते. प्रश्न एवढाच, की ती कोरताना लेथला आवाज कुठून दिला: टेप मशीनवरून की फाइलवरून? आज निघणाऱ्या बहुतेक नव्या रेकॉर्ड्स फाइलवरूनच कोरल्या जातात, कारण नवे अल्बम कॉम्प्युटरवरच तयार होतात. त्यात कुणाची फसवणूक नाही. टेपचा भाव लावून फाइलवरची रेकॉर्ड दिली, की भांडण सुरू होतं.

3. 2022 मध्ये अमेरिकेत काय झालं? सगळे अर्धवट सांगतात.

मोबाइल फिडेलिटी साउंड लॅब ही 1977 पासूनची अमेरिकन कंपनी. दुसऱ्या कंपन्यांचे गाजलेले अल्बम परवाना घेऊन पुन्हा काढायचे, मर्यादित प्रती, जाड कव्हर आणि वरच्या कडेला ‘ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग’ अशी पट्टी, हा तिचा थाट. हौशी लोकांच्या नजरेत या रेकॉर्ड्स म्हणजे टेपवरून थेट कोरलेल्या. त्यासाठी ते रांगा लावायचे, आणि एक आवृत्ती संपली की जुन्या बाजारात तिचा भाव दुप्पट-तिप्पट व्हायचा.

14 जुलै 2022 रोजी फिनिक्समधल्या माइक एस्पोझिटो या रेकॉर्ड दुकानदाराने एका व्हिडिओत सांगितलं, की कंपनी या रेकॉर्ड्स डिजिटल फाइलवरून कोरते असं मला आतल्या गोटातून कळलंय. लोक त्याच्यावरच तुटून पडले. पण काही दिवसांतच कंपनीने त्याला कॅलिफोर्नियात सेबास्टोपोलच्या स्टुडिओत बोलावलं आणि तिथल्या मास्टरिंग इंजिनिअरांनी कॅमेऱ्यासमोर सरळ कबूल केलं: मूळ टेपवरून आम्ही आधी डीएसडी (डिजिटलचा एक वरचा प्रकार) फाइल करतो, मग तिच्यावरून लॅकर (जिच्यावर खाच पहिल्यांदा कोरतात ती तबकडी) कापतो. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन पोस्टने सविस्तर बातमी दिली. त्यातून कळलं, की हा प्रकार 2011 पासून, टोनी बेनेटच्या एका अल्बमपासून चालू होता आणि सगळ्यात महाग ‘वन-स्टेप’ (7 पाहा) मालिकेतल्या बहुतेक सगळ्या रेकॉर्ड्स तशाच होत्या.

मग दावे लागले. 2023 मध्ये सुमारे अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. ग्राहकाने रेकॉर्ड परत करून पूर्ण पैसे घ्यावेत, किंवा रेकॉर्ड ठेवून किमतीच्या पाच टक्के रोख किंवा दहा टक्क्यांचं क्रेडिट घ्यावं, असे पर्याय होते.

मला यात सर्वांत बोलकं काय वाटतं सांगू? इंजिनिअर काही लपवायच्या बेतात दिसत नाहीत. ते आपल्या कामाबद्दल अभिमानाने बोलतात. दडवादडवी काम करणाऱ्यांच्या टेबलावर नव्हती, विकणाऱ्यांच्या टेबलावर होती.

4. पण कंपनीने ‘पूर्ण अ‍ॅनालॉग’ असं कुठे छापलं होतं? ती खोटं बोलली की नुसती गप्प बसली?

‘ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग’ ही पट्टी शब्दशः खोटी नव्हती. उगम मूळ टेपच होता, फक्त मधली एक पायरी सांगितलेली नव्हती. आता गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का? एरवी मी नाही म्हणेन. पण इथे ग्राहकाचा समज काय आहे हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं, तो समज म्हणजेच आपला भाव हेही ठाऊक होतं, आणि वर्षानुवर्षं तो दुरुस्त केला नाही. वन-स्टेपच्या पाकिटात लॅकरपासून रेकॉर्डपर्यंतच्या पायऱ्या कशा कमी केल्या ते आकृती काढून समजावलेलं असायचं. टेप आणि लॅकर यांच्यामध्ये काय घडतं, त्यावर मात्र चकार शब्द नाही. इतकं बारकाईने सांगणारा माणूस एकच गोष्ट गाळतो, तेव्हा ती विसरलेली नसते.

कंपनीचे अध्यक्ष जिम डेव्हिस यांनी माफी मागितली ती याच मुद्द्यावर: भाषा संदिग्ध ठेवली, चुकीचा समज पसरू दिला, ग्राहकांचा विश्वास गृहीत धरला. त्यानंतर कंपनीने प्रत्येक रेकॉर्डच्या माहितीत टेपपासून लेथपर्यंतचा मार्ग द्यायला सुरुवात केली. पाव इंची टेप, सेकंदाला किती इंच, मध्ये डीएसडी, पुढे अ‍ॅनालॉग कन्सोल, मग लेथ. एका ओळीत मावतं सगळं. म्हणजे जागा कव्हरवर आधीही होती.

5. आवाज उत्तम आहे ना? मग एवढा गहजब कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुधा त्याच माणसाकडून येतो ज्याने नुकतीच एक घेतलेली असते.

येवल्याची पैठणी घ्या. हातमागाची आणि पॉवरलूमची शेजारी ठेवली तर लग्नाच्या मांडवात कुणाला फरक कळणार नाही. पॉवरलूमची नेसायला वाईट असते असंही नाही. पण हातमागाचा भाव लावून पॉवरलूमची गळ्यात मारली तर ‘छान दिसतेय ना’ हे उत्तर तुम्ही ऐकून घ्याल का? वर पैठणीत निदान एक सोय आहे. पदर उलटा करून बघायचा. हातमागाचा असेल तर मागची बाजूही पुढच्यासारखी स्वच्छ दिसते, धागे लोंबत नाहीत.

रेकॉर्डला उलटी बाजू नाही. खाच बघून, ऐकून, मोजून टेप की फाइल हे ग्राहकाला ठरवता येत नाही (6 आणि 11 पाहा). ज्या गोष्टीची खात्री ग्राहकाला स्वतः करताच येत नाही, तिथे तो वस्तूबरोबर विकणाऱ्याच्या शब्दाचेही पैसे मोजतो. वन-स्टेपची किंमत साधारण 125 डॉलर होती. त्यातला मोठा भाग त्या शब्दाचा होता.

6. कानाला फरक कळतो का?

डीएसडी 256 (साध्या डीएसडीपेक्षा वरच्या दर्जाची) असेल तर, नाही. 2011 ते 2022 या काळात डिजिटलच्या नावाने नाक मुरडणाऱ्या नामांकित समीक्षकांनी मोबाइल फिडेलिटीच्या याच रेकॉर्ड्स डोक्यावर घेतल्या होत्या. ‘मला पहिल्या सुरात कळतं’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या जाणकारांनीही घेतल्या होत्या. खरं बाहेर आलं त्या दिवसापासून त्यांना त्याच रेकॉर्ड्समध्ये कोरडेपणा ऐकू यायला लागला, हा भाग वेगळा.

सीडीच्या दर्जाच्या फाइलवरून घाईत कोरलेली रेकॉर्ड ओळखू येऊ शकते. पण तिथेही दोष बहुधा आवाज ठोकून मोठा केल्याचा असतो. डिजिटलवर त्याचं खापर उगाच फुटतं.

7. वन-स्टेप म्हणजे काय? आणि 40,000 प्रतींवरून संशय का आला?

नेहमीच्या पद्धतीत कोरलेल्या लॅकरवरून धातूचा एक साचा निघतो, त्यावरून दुसरा, आणि त्या दुसऱ्यावरून अनेक स्टॅम्पर (प्रती छापणारे साचे). एका लॅकरवर हजारो प्रती छापता येतात. वन-स्टेपमध्ये पुढच्या दोन पायऱ्या गाळतात आणि लॅकरवरून निघालेला साचाच स्टॅम्पर म्हणून वापरतात. बारकावे जास्त टिकतात, पण तो स्टॅम्पर झिजला की लॅकर नव्याने कापावा लागतो. एका स्टॅम्परवर साधारण हजार प्रती धरा.

2022 मध्ये कंपनीने मायकेल जॅक्सनच्या थ्रिलरची वन-स्टेप आवृत्ती 40,000 प्रतींची जाहीर केली. करा हिशेब. प्रत्येक बाजूसाठी चाळीसेक लॅकर, म्हणजे जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमपैकी एकाची मूळ टेप तितक्या वेळा मशीनवरून फिरवायची. कुठली कंपनी फिरवू देईल? कान हरले तिथे तोंडी हिशेबाने काम केलं.

8. मग कंपन्या डिजिटल पायरी घेतात तरी का? चोरीच करायची असते का?

मुळीच नाही. कारणं रास्त आहेत. साठ-सत्तर वर्षांच्या टेपवरचा लेप प्रत्येक वेळी थोडा झडतो. जोडांवरचा गोंद सुकतो आणि टेप मशीनवरच सुटते. 1970-80 च्या काही टेप इतक्या चिकट होतात, की वाजवण्यापूर्वी मंद आचेवर भाजाव्या लागतात. 1 जून 2008 रोजी हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या गोदामाला आग लागून किती मूळ टेप गेल्या हे बाहेर आल्यापासून तर कंपन्या टेप दाराबाहेर सोडायला तयार नसतात. मग इंजिनिअरच आपली मशीन घेऊन तिथे जातो, एकदाच टेप वाजवतो आणि फाइल करून आणतो.

दुसरा मार्ग म्हणजे टेपवरून टेपवर नक्कल. ती रेकॉर्ड एएए ठरेल, पण नकलेत खरखर वाढते आणि वरचे सूर थोडे बोथट होतात. डीएसडीची चांगली फाइल त्या नकलेपेक्षा मूळ टेपच्या जास्त जवळ असते, हे म्हणणं तांत्रिकदृष्ट्या मला पटतं. पटतं म्हणूनच विचारतो: एवढी चांगली बाजू असताना ती कव्हरवर का नाही मांडली?

9. स्टिकरवर काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं?

‘180 ग्रॅम’ हे वजन आहे. रेकॉर्ड कशावरून कोरली त्याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, पण गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच वाचतं. ‘ऑडिओफाइल’ कुणीही छापू शकतो. ‘रीमास्टर्ड’ म्हणजे मास्टरिंग पुन्हा केलं, आणि तेही बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर.

‘हाफ-स्पीड मास्टर्ड’ म्हणजे लेथ आणि आवाजाचा उगम दोन्ही निम्म्या वेगाने चालवून खाच कोरली. उगम टेपही असू शकतो, फाइलही. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतली अलीकडची हाफ-स्पीड मालिका बहुतांशी हाय-रेझोल्यूशन फाइलींवरून आहे, आणि ते उघडपणे सांगितलं जातं.

आता खरी मेख. ‘मूळ मास्टर टेपवरून’ आणि ‘अ‍ॅनालॉग टेपवरून मास्टरिंग’ ही दोन्ही वाक्यं टेप, मग फाइल, मग लेथ या मार्गालाही खरी ठरतात. 2022 नंतरही मी या वाक्यांना फसलेली माणसं बघतो. ज्या वाक्याला खरोखर दात आहेत ते असं असतं: टेपपासून लॅकरपर्यंत सर्व टप्पे अ‍ॅनालॉग, सोबत कापणाऱ्या इंजिनिअरचं नाव. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या टोन पोएट मालिकेत केविन ग्रे यांचं नाव घेऊन हे असं स्पष्ट सांगितलेलं असतं.

बीटल्सचं उदाहरण लक्षात ठेवा. 2012 चा स्टिरिओ संच 24 बिट डिजिटल फाइलींवरून कोरला गेला, 2014 चा मोनो संच टेपवरून थेट. तोच बँड, तोच स्टुडिओ, आणि दोन्ही वेळी मार्ग जाहीर होता. कुणी कोर्टात गेलं नाही.

10. शेवटच्या कोऱ्या पट्टीवर सही कोरलेली असते. ती बघून कळतं का?

गाणी संपल्यावर लेबलच्या आधी जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. नंबरांच्या जोडीला इंजिनिअरची अक्षरं सापडतात. केविन ग्रे केपीजी कोरतात, बर्नी ग्रंडमन बीजी, रायन स्मिथ आरकेएस. चांगला कारागीर हाताशी होता एवढं त्यावरून कळतं. टेप की फाइल हे कळत नाही, कारण हीच माणसं गिऱ्हाइकाने फाइल दिली तर तिच्यावरूनही कापतात. मात्र उलट बाजूने उपयोग होतो. जाहिरातीत एकाचं नाव आणि पट्टीवर भलत्याच्याच खुणा, तर विक्रेत्याला जाब विचारा.

11. रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घेऊन ग्राफ पाहिला तर?

माझ्याकडे असे ग्राफ दर महिन्याला येतात. सीडीच्या फाइलमध्ये 22 किलोहर्ट्झच्या वर काही नसतं, त्यामुळे तिथे आलेख कड्यासारखा तुटलेला दिसला तर संशयाला जागा आहे. पण सुई आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) स्वतःचे वरचे सूर तयार करतात आणि तो तुटलेला भाग भरून काढतात. म्हणजे वर काहीतरी दिसतंय हा टेपचा पुरावा होत नाही.

डीएसडीचा स्वतःचा गोंगाट ऐकू येण्याच्या पलीकडे ढकललेला असतो. एसएसीडीत (सुपर ऑडिओ सीडीत) असते त्या साध्या डीएसडीमध्ये तो पंचवीसेक किलोहर्ट्झपासून चढतो, 256 मध्ये त्याच्याही खूप पुढे जातो. तुमच्या साउंड कार्डला तो दिसणारच नाही.

12. मग विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला नेमकं काय विचारू?

एकच प्रश्न, लेखी: टेप आणि लॅकर यांच्यामध्ये एकही डिजिटल टप्पा आहे का? हो किंवा नाही.

‘रेकॉर्ड अ‍ॅनालॉग आहे का’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ हेच उत्तर मिळेल (2 पाहा). मी एका परदेशी विक्रेत्याला हाच प्रश्न पाठवला होता, एका जॅझ रेकॉर्डबद्दल. उत्तर आलं, की ही प्रीमियम 180 ग्रॅमची ऑडिओफाइल आवृत्ती आहे. पुन्हा विचारलं. मूळ टेपचा अत्यंत काळजीपूर्वक वापर झालाय, असं आलं. तिसऱ्यांदा ‘फक्त हो किंवा नाही’ लिहिलं, तेव्हा पाच टक्के सवलतीचा कूपन आला. मी त्या रेकॉर्डच्या लेबलवर ‘फाइलवरून असावी’ असं लिहून फाइलवाल्या रेकॉर्डच्या भावात ती लावली.

‘आम्हाला माहीत नाही’ हे उत्तर मला चालतं. दुकानदाराला सगळं ठाऊक असतंच असं नाही. बगल देणारा नको.

13. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या नव्या रेकॉर्ड्स निघतात. त्या टेपवरून असतात का?

कव्हरवर मार्ग दिलेला फार क्वचित असतो. दिलेला नसेल तर फाइलवरून आहे असं धरून भाव ठरवा. कंपनीने दावाच केला नसेल तर तिच्यावर फसवणुकीचा आरोप करू नका. दावा बरेचदा मधला विक्रेताच करतो. प्रदर्शनात टेबलामागे उभा राहून तो ‘सर, एकदम ओरिजिनल टेपवरून’ म्हणतो, आणि बिलावर नुसतं ‘एलपी 1 नग’ असतं. त्याला तेच वाक्य बिलावर लिहायला सांगा, आवाज लगेच खाली येतो.

खरोखर पूर्ण अ‍ॅनालॉग हवं असेल तर दमदमच्या कारखान्यातली जुनी एचएमव्हीची छपाई शोधा. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात नशिबाने एखादी हाती लागते. चरे पडलेली असते, धुवून घ्यावी लागते, कव्हरवर कुणाच्या तरी लग्नाच्या आहेराची शाई असते. (त्या शाईपायी मी भाव कमी करत नाही.) 1980 च्या दशकातल्या छपाईबद्दल मात्र 17 वाचा.

14. युरोपातून जुन्या जॅझच्या रेकॉर्ड्स अगदी स्वस्त येतात. त्यांचं काय?

युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी 50 वर्षांचा होता. 2013 मध्ये तो 70 झाला, पण जे आधीच मोकळं झालं होतं ते मोकळंच राहिलं. म्हणून 1962 पर्यंत प्रसिद्ध झालेलं मुद्रण तिथे कुणीही छापू शकतो. कायद्याने ते चोख आहे. पण मूळ टेप हक्कदार कंपनीच्या तिजोरीत असते आणि ती अशा छपाईवाल्याला मिळत नाही. त्याच्याकडे असते एखादी सीडी किंवा जुनी रेकॉर्ड. हजार-दीड हजारात ऐकायला घ्या, हरकत नाही. तिच्यावर ‘अ‍ॅनालॉग’ लिहिलेलं दिसलं तर मात्र हसून पुढे जा.

15. भारतात फसवणूक झाली तर तक्रार कुठे करायची?

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येतच महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं बसवलेलं आहे. म्हणजे 4 मधला ‘आम्ही खोटं कुठे बोललो’ हा बचाव आपल्याकडे लंगडा पडतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं.

तुम्हाला स्वतःचे पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता मुंबईचा असो की बंगळुरूचा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच, तक्रार दाखल करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून बघा, पुष्कळदा विक्रेता तिथेच नमतो. पुरावा म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. पान नंतर बदलतं. परदेशातून स्वतः मागवली असेल तर कायदा तुमच्या बाजूने असला तरी वसुली अवघड, हे आधीच सांगतो.

16. माझ्याकडे मोबाइल फिडेलिटीच्या रेकॉर्ड्स आहेत. परतावा मिळेल का? विकून टाकू का?

तडजोड अमेरिकेतल्या खटल्यातली, तिथल्या ग्राहकांसाठीची, आणि दाव्यांची मुदत केव्हाच संपली. विकायचं म्हणाल तर गाणं आवडत असेल तर ठेवा. रेकॉर्ड काल वाजत होती तशीच आजही वाजतेय. गुंतवणूक म्हणून सील न फोडता कपाटात ठेवल्या असतील, तर त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, शेअर ब्रोकरकडे असेल.

17. 1980 च्या आसपासची मूळ छपाई तरी डोळे झाकून पूर्ण अ‍ॅनालॉग धरायची ना?

डोळे उघडे ठेवून. लेथला पुढे मोठा आवाज येणार की बारीक, हे खाच कोरण्याआधी कळावं लागतं, म्हणजे खाचांमधलं अंतर त्याप्रमाणे राखता येतं. यासाठी टेप मशीनला एक जादा हेड असायचं, जे आवाज क्षणभर आधी वाचायचं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल डिले (आवाज क्षणभर उशिरा सोडणारी यंत्रं) आले आणि काही स्टुडिओंनी ते जादा हेड काढून टाकलं. मग टेपवरचा आवाज थेट लेथच्या मोजणीकडे जायचा आणि खाचेत कोरला जाणारा आवाज डिजिटल डिलेमधून फिरून यायचा. टेप अस्सल, मुद्रण अस्सल, आणि तरी खाचेपर्यंत आकड्यांतून गेलेलं. तेही त्या काळच्या डिजिटलमधून, ज्याच्यापुढे आजची डीएसडी राजा आहे.

कव्हरवर याचा उल्लेख नसायचा, कारण तेव्हा कुणाला लपवावंसं वाटत नव्हतं आणि विचारावंसंही वाटत नव्हतं. म्हणून ‘जुनी आहे म्हणजे शुद्ध’ हे वाक्य दुकानात कुणी म्हणालं, की मी साल विचारतो.

18. मूळ मुद्रणच डिजिटल असेल तर पुनर्मुद्रण अ‍ॅनालॉग होऊ शकतं का?

नाही. डोनाल्ड फेगनचा 1982 चा द नाइटफ्लाय आणि डायर स्ट्रेट्सचा 1985 चा ब्रदर्स इन आर्म्स हे जन्मतःच डिजिटल. यांची कुठलीही रेकॉर्ड एएए असूच शकत नाही, आणि हे दोन्ही हौशी मंडळींच्या टर्नटेबलची परीक्षा घ्यायचे लाडके अल्बम आहेत. त्या काळात कव्हरवर ‘डिजिटल रेकॉर्डिंग’ ठळक छापून भाव वाढवला जायचा. आता तोच शब्द बारीक अक्षरांत जातो.

यात एक पोटप्रश्न येतो: टेपवर मुद्रण, मग कॉम्प्युटरवर संकलन, मग पुन्हा टेपवर, आणि त्या टेपवरून लॅकर. विक्रेता म्हणेल ‘मास्टर टेपवरून कापली’. 9 मधली मेखच ही, फक्त एक पायरी मागे सरकलेली.

19. आजोबांकडे पलुसकरबुवांच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) रेकॉर्ड्स होत्या. त्याच गाण्यांची ‘मूळ मास्टर टेपवरून’ एलपी मिळेल का?

शास्त्रीय गायक दत्तात्रेय विष्णु पलुसकर आपल्या नाशिकचेच, जन्म 1921, गेले 1955 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. स्टुडिओंमध्ये टेप रुळायला लागली ती 1940 च्या दशकाच्या अगदी शेवटी. त्याआधीची मुद्रणं गाता गाता थेट तबकडीवर कोरलेली. त्या गाण्यांना मास्टर टेप कधी नव्हतीच. असलीच तर नंतर धातूच्या साच्यावरून किंवा एखाद्या बऱ्या तबकडीवरून केलेली नक्कल. तेव्हा अशा गाण्यांवर ते स्टिकर दिसलं तर छापणाऱ्याला आपण काय छापतोय हेच कळलेलं नाही.

आणि 78 ची खरखर काढून स्वच्छ केलेली नवी आवृत्ती जवळपास नक्कीच डिजिटल असणार, कारण ते काम आज कॉम्प्युटरवरच होतं. ते वाईट नाही. आजोबांच्या तबकड्या शाबूत असतील तर त्या पूर्ण अ‍ॅनालॉग आहेत, अगदी कसोटीला उतरतील अशा. एलपीच्या सुईने मात्र वाजवू नका. 78 ची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते, आणि एलपीची सुई चुकून लावली नाही ना हे बघायला माझ्याकडे आणलीत तरी चालेल.

20. माझी रेकॉर्ड मला ऑनलाइन विकायचीय. वर्णनात काय लिहू?

जे स्वतः वाचलंत किंवा कंपनीने लेखी दिलंय तेवढंच. ‘एएए’ हे दुसऱ्या विक्रेत्याच्या पानावरून उचलू नका, त्याने ते तिसऱ्याच्या पानावरून उचललेलं असतं. मार्ग ठाऊक असेल तर पूर्ण द्या, नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा आणि स्टिकरचा, कोऱ्या पट्टीचा फोटो जोडा. माझ्या शेल्फवरच्या एकीचं वर्णन देतो, हवं तर तसंच वापरा: मोबाइल फिडेलिटी, वन-स्टेप, मूळ टेपवरून डीएसडी आणि डीएसडीवरून लॅकर, दोन्ही बाजू स्वच्छ, दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात हलकी टिकटिक, पेटीचा वरचा उजवा कोपरा दबलेला.